आज तुकडा कुठे पोचला असेल?

पाया लेबार स्टेशनातून बाहेर पडून उबीच्या दिशेने चालत गेलं की औद्योगिक इमारतींची रांग लागते. खाली गाड्यांची गॅरेजं, छापखाने, डबाबंद खाद्यपदार्थांची गोदामं. आणि अशाच एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा. मी तिथे हिस्टॉलॉजी विभागात तंत्रज्ञ आहे. माणसांच्या शरीरातून काढलेले तुकडे बाटल्यांमधून आमच्याकडे येतात आणि काचेच्या स्लाइड होऊन पॅथॉलॉजिस्टच्या सूक्ष्मदर्शकाखाली जातात. या दोहोंच्या मधलं सगळं काम आमच्या हातांचं. रुग्ण आम्हाला कधीच दिसत नाही. दिसतो तो फॉर्म: नाव, वय, ओळख क्रमांक आणि डॉक्टरांनी घाईत लिहिलेली एक ओळ, 'उजव्या फुफ्फुसात वरच्या भागात गाठ, कर्करोग?'

त्या प्रश्नचिन्हापाशी कोणीतरी घरी बसून फोनकडे बघत असतं. पहिली काही वर्षं मिरजेच्या प्रयोगशाळांत आणि नंतर इथे काम करताना मला हे ठाऊक होतं, पण ते ठाऊक असणं म्हणजे काय, ते आईच्या फुफ्फुसात डाग निघाला तेव्हा कळलं.

आधी कामाबद्दल सांगते, कारण वाट पाहणाऱ्याला ते कोणी सांगत नाही. फुफ्फुसातल्या गाठीची बायॉप्सी बहुतेक वेळा सीटी स्कॅनच्या आधाराने बाहेरून सुई घालून करतात, किंवा श्वासनलिकेतून दुर्बीण घालून. सुईने निघतो तो तुकडा लांबीला सेंटिमीटरभर असतो, जाडीला मिलिमीटरभरही नाही. असे दोन-तीन तुकडे मिळाले तर नशीब. सुई घालणारा डॉक्टर ते लगेच फॉर्मालिनच्या बाटलीत टाकतो. फॉर्मालिन पेशींना आहे त्या स्थितीत थांबवतं, सडू देत नाही. हे लक्षात आलं ते १८९३ साली, फ्रँकफर्टच्या फर्डिनांड ब्लुम या डॉक्टरला. तो जंतुनाशक म्हणून ते वापरून पाहत होता आणि काम करता करता त्याच्या बोटांची कातडी कडक झाली. तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांना तोच वास येतो. माझ्या ओढणीलाही येतो.

पण हे थांबवणंही एका क्षणात होत नाही. इतक्या बारीक तुकड्यालाही फॉर्मालिनमध्ये निदान सहा तास मुरावं लागतं. तो पुरेसा मुरला नाही तर पुढच्या तपासण्या फसव्या येतात. मग तुकड्याची लांबी, रंग, संख्या लिहून घ्यायची. तो हरवू नये म्हणून पातळ कागदात गुंडाळून, थोडा रंग लावून, प्लास्टिकच्या छोट्या जाळीदार कॅसेटमध्ये ठेवायचा. रात्रभर यंत्रात आधी वाढत्या तीव्रतेचं अल्कोहोल, मग झायलीन, मग वितळलेलं मेण. पेशींमधलं पाणी जाऊन त्या जागी मेण बसतं. सकाळी पहिल्या गाड्यांनी आम्ही पोचतो तेव्हा यंत्र नुकतंच थांबलेलं असतं. तुकडा बाहेर काढून मेणाच्या साच्यात सपाट बसवायचा, थंड करायचा. हा झाला ब्लॉक.

मग मायक्रोटोम. त्याच्या पात्याने ब्लॉकचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढायचे. रक्तातली तांबडी पेशी साधारण सात मायक्रॉन रुंद असते, म्हणजे आमच्या कापाची जाडी तिच्या रुंदीच्या जवळपास निम्मी. काप एकामागून एक चिकटून रिबन होते. ती कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुत्या जाऊ द्यायच्या आणि खालून स्लाइड घालून अलगद उचलायची. मला हे शिकवलं ते आमच्या विभागातल्या ज्येष्ठ मलय बाईंनी. त्यांना सगळे काक, म्हणजे ताई, म्हणतात. रिबन उचलताना श्वास रोखायचा, नाहीतर ती उडून जाते, ही त्यांची पहिली सूचना. दुसरी अधिक महत्त्वाची होती. फुफ्फुसाच्या ब्लॉकवर पातं लावताना जपून, कारण पृष्ठभाग सपाट करण्याच्या नादात निम्मा तुकडा कचऱ्यात जातो. ब्लॉक एकदाच बसवायचा आणि लागतील तेवढे काप त्याच बैठकीत काढून ठेवायचे. वर पाया लेबारच्या हवाई तळावरून उडालेली लढाऊ विमानं खिडक्या हलवत जातात. नवी मुलं दचकतात, काकचा हात हलत नाही.

पहिली स्लाइड रंगवली की पेशींची केंद्रकं निळी-जांभळी आणि बाकीचं गुलाबी दिसतं. केस तातडीची असेल तर ही स्लाइड दुसऱ्या दिवशीही डॉक्टरांच्या टेबलावर जाते. मग उरलेले दिवस कशाला? या प्रश्नाचं उत्तर दोन दशकांपूर्वी वेगळं असतं. तेव्हा फुफ्फुसाच्या कर्करोगाचे दोन मोठे गट पाडले की बहुतेक वेळा काम संपायचं, कारण उपचारही त्या दोनच वाटांनी जायचे. २००४ साली बॉस्टनमधल्या संशोधकांना दिसलं की काही रुग्णांच्या गाठीत ईजीएफआर नावाच्या जनुकात बिघाड असतो आणि त्यांच्यावर एक विशिष्ट गोळी विलक्षण चालते. २००९ साली हाँगकाँगच्या टोनी मॉक यांच्या नेतृत्वाखाली आशियातल्या रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीने सिद्ध केलं की आधी जनुक तपासा, मग औषध ठरवा. पूर्व आशियात फुफ्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमा या प्रकारच्या कर्करोगाच्या जवळपास निम्म्या रुग्णांत हा बिघाड सापडतो. भारतात प्रमाण त्याहून कमी आहे, तरी दुर्लक्ष करण्याइतकं नक्कीच नाही. धूम्रपान न केलेल्या स्त्रियांमध्ये तो जास्त आढळतो. तेव्हापासून त्याच सेंटिमीटरभर तुकड्याकडून आम्ही कितीतरी जास्त उत्तरं मागतो. कर्करोग आहे का, फुफ्फुसातलाच की दुसरीकडून आलेला, कोणत्या जातीचा, कोणत्या जनुकाचा. प्रत्येक उत्तराला थोडं ऊतक खर्च होतं आणि थोडा वेळ. पॅथॉलॉजिस्टने टीटीएफ-१ किंवा पी४० अशा नावांचे जास्तीचे रंग मागितले की आणखी एक-दोन दिवस. जनुकांची तपासणी बाहेर गेली की दोन-तीन आठवडे. आणि गाठ क्षयाची असेल अशी शंका असेल, तर जंतू वाढवून पाहायला सहा ते आठ आठवडे, कारण क्षयाचा जंतूच मंद वाढतो.

लवकर आलेला रिपोर्ट चांगला आणि उशिरा आलेला वाईट, असं गणित लोक मांडतात. ते खरं नाही. घाईत सगळा तुकडा पहिल्याच प्रश्नावर संपवून टाकणारी प्रयोगशाळा रुग्णाला पुन्हा सुईखाली पाठवते.

आई मिरजेच्या पोस्टात नोकरीला होती, निवृत्त होईपर्यंत. बाबा गेल्यानंतर ती दरवर्षी थोडे महिने आमच्याकडे येऊ लागली. पाया लेबारला ती रुळली ती एका अनपेक्षित कारणाने. स्टेशनाला लागूनच सिंगपोस्ट सेंटर आहे, सिंगापूरच्या टपाल कंपनीची भलीमोठी इमारत. मी कामावर गेले की ती चालत तिथवर जायची, आत बसायची, काउंटरवरची माणसं पाहायची. संध्याकाळी मला सांगायची, आज पार्सलवाला रांग कशी हाताळत होता, कोण चुकीच्या खिडकीशी उभं होतं. परतताना गेलांग सेराईच्या बाजारातून केळी आणायची. मलय विक्रेत्या बायकांशी ती मराठीत बोलायची आणि व्यवहार बिनचूक व्हायचा.

त्या खेपेला तिचा खोकला जात नव्हता. एक्स-रे काढला, त्यात उजव्या बाजूला सावली. सीटी स्कॅनमध्ये गाठ. आमच्या घरात फुफ्फुसावरचा डाग हा नवा विषय नव्हता. आईची आई तरुणपणी क्षयाने आजारी पडून मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या सॅनिटोरियममध्ये होती आणि बरी होऊन घरी आली होती. त्यामुळे आईचं पहिलं वाक्य होतं, "टीबीच असणार गं. आमच्या घरातलाच आहे." ती म्हणाली ते अशक्य नव्हतं. जगातल्या दर चार क्षयरुग्णांपैकी एक भारतात आहे, आणि क्षयाची गाठ स्कॅनमध्ये कर्करोगासारखी दिसू शकते. उलटही होतं, आणि ते जास्त घातक. आपल्याकडे सावली दिसली की कितीतरी रुग्णांना तुकडा न काढताच क्षयाच्या गोळ्या सुरू होतात आणि काही महिने गेल्यावर कळतं की तो क्षय नव्हताच. मिरजेत काम करताना असे फॉर्म माझ्या हातून गेले आहेत: 'क्षयाचे उपचार घेऊनही फरक नाही.' सिंगापुरात तर आणखी एक शक्यता असते, इथल्या मातीतल्या जंतूमुळे होणारा मेलिऑयडोसिस. तोही फुफ्फुसात गाठीचं रूप घेऊ शकतो. म्हणून तुकडा काढण्याला पर्याय नव्हता.

भावाचा पुण्याहून आग्रह होता की तिला परत आणा, इकडे बघू, गरज पडली तर टाटाला नेऊ. त्याचं चुकत नव्हतं. इथे नागरिक किंवा कायम रहिवासी नसलेल्याला सरकारी रुग्णालयातही सवलत नाही, खर्च मोठा होता. आणि मराठी घरात 'टाटाला नेणं' या शब्दांना वजन आहे. १९४१ साली मुंबईत परळला टाटा मेमोरियल हे कर्करोगाचं रुग्णालय सुरू झालं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतातल्या आधुनिक विकृतिशास्त्राचा पाया ज्यांनी घातला त्यांत त्यांचं नाव पहिलं घेतात, आणि आम्हा प्रयोगशाळेतल्या मराठी माणसांना त्याचा अभिमान वाटतो. पण आई म्हणाली, "इथे डॉक्टरने पाहिलंय, इथेच सुई घालू दे. उगाच दोन ठिकाणी पहिल्यापासून नको." तिने ठरवलं आणि विषय संपला. सुई घातल्यावर फुफ्फुसाभोवती हवा शिरण्याचा धोका असतो. तशी शिरली तर ती निघून जाऊन एक्स-रे स्वच्छ येईपर्यंत आणि त्यानंतरही काही काळ विमानात बसता येत नाही. म्हणजे सुई इथे घालायची तर पुढचे काही आठवडे मुक्काम इथेच, हे तेव्हाच धरून चाललो.

बायॉप्सी औट्रम पार्कच्या बाजूच्या मोठ्या रुग्णालयात झाली आणि तुकडा तिथल्याच प्रयोगशाळेत गेला. माझ्या टेबलावर तो येणार नव्हता, यावा असं मला वाटतही नव्हतं. सुईनंतर आईला त्याच कुशीवर निजवून ठेवलं, काही तासांनी एक्स-रे काढला. थोडी हवा शिरली होती, पण आपोआप जिरेल म्हणाले, आणि जिरली. संध्याकाळी हिरव्या लाइनच्या गाडीने आम्ही परत निघालो. लॅव्हेंडर गेल्यावर आईने विचारलं, "आता तो तुकडा कुठे असेल?"

मी सांगितलं की फॉर्मालिनमध्ये. रात्री यंत्रात जाईल.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आल्यावर तोच प्रश्न. "मेणात असेल. कदाचित काप काढले असतील." तिसऱ्या दिवशी, "रंगवून झाला असेल. डॉक्टर पाहत असतील." असं रोज चाललं. माझ्या नवऱ्याला वाटलं, हिचं लक्ष दुसरीकडे न्यायला हवं. तो तिला समुद्रावर नेऊ म्हणाला, सिनेमा लावू म्हणाला. आई म्हणाली, "अरे, मी नोकरी कसली केली? लोक खिडकीशी यायचे, मनीऑर्डर आली का विचारायला. नाही आली, एवढं सांगून माणूस खिडकी सोडत नाही. मुंबईहून कधी निघाली, आता सांगलीला असेल, परवा ये, असं सांगितलं की जातो. पैसे मिळालेले नसतात, तरी जातो."

मी इतकी वर्षं या कामात आहे, पण वाट पाहणाऱ्या माणसाला काय लागतं हे इतक्या नेमकेपणाने मला कोणी सांगितलं नव्हतं. त्याला धीर नको असतो, ठावठिकाणा हवा असतो. 'काही होणार नाही, देवावर भरवसा ठेवा' हे ऐकून आई मान डोलवायची आणि फोन ठेवल्यावर गप्प व्हायची. 'आज जास्तीचे रंग लावत असतील' हे ऐकून ती जेवायची.

पण ठावठिकाणा सांगण्यालाही एक मर्यादा असते, आणि ती मला आली. रिपोर्ट येईल असं सांगितलेला दिवस गेला. रुग्णालयातून निरोप आला की आणखी तपासण्या चालू आहेत, पुढच्या आठवड्यात डॉक्टर भेटतील. बाहेरच्या माणसाला हा साधा विलंब वाटला असता. मला मात्र माहीत होतं की पहिल्या स्लाइडवर सगळं निरुपद्रवी दिसलं तर सहसा जास्तीचे रंग लागत नाहीत. पण क्षयासारखी सूज दिसली तरी जंतू शोधायला वेगळे रंग लागतात. तुकड्यात नुसतं मेलेलं ऊतक आलं तरी आणखी खोलवरचे काप काढून पाहतात. म्हणजे विलंबाचे तीन अर्थ होते आणि तिन्ही मला दिसत होते. त्या संध्याकाळी आईने नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा मी तिला तिन्ही सांगितले. तिने विचारलं, "तुला कोणता वाटतो?"

"मला माहीत नाही, आई."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "माहीत असून लपवत नाहीस ना, एवढंच मला बघायचं होतं."

भावाचा आणि माझा वाद याच मुद्द्यावर होता. तो म्हणत होता, काही वाईट निघालं तर तिला सांगायचं नाही, तिला सोसणार नाही. असं म्हणणारा मुलगा प्रेमानेच म्हणतो. आपल्याकडे घरोघरी हेच चालतं. फाइल मुलाच्या हातात, रुग्ण बाहेरच्या बाकावर, आणि आत डॉक्टरांना खूण की यांच्यासमोर नको. मी या प्रथेच्या ठाम विरोधात आहे. ज्याच्यापासून लपवायचं ठरवलं जातं त्याची वाट पाहणं कधी संपतच नाही. रिपोर्ट येऊन पडलेला असतो आणि तो बिचारा अजून चेहरे वाचत बसलेला असतो. आईला इथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, निकाल आल्यावर तुम्हाला किती सांगितलेलं आवडेल, आणि कोणासमोर. मी भाषांतर केलं. आई इंग्रजीत म्हणाली, "ऑल." मग मराठीत मला, "आणि तू मध्ये गाळू नकोस."

रात्री झोप येत नसे तेव्हा मी या विषयावर वाचत बसायचे. माझ्या स्वभावाला तेच जमतं. बॉस्टनमध्ये स्तनाची बायॉप्सी झालेल्या स्त्रियांचा एक अभ्यास २००९ साली रेडिऑलॉजी या नियतकालिकात आला होता. एल्व्हिरा लँग आणि सहकाऱ्यांनी त्या स्त्रियांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं होतं. पाचव्या दिवशी ज्यांना निकाल अजून कळला नव्हता, त्यांच्या कॉर्टिसॉलचा दिवसभरातला चढउतार कर्करोग असल्याचं कळलेल्या स्त्रियांसारखाच बिघडलेला होता. गाठ साधी असल्याचं कळलेल्यांचा तसा नव्हता. म्हणजे शरीराच्या दृष्टीने न कळणं हे वाईट कळण्याच्या तोडीचं आहे. 'अजून काही निघालेलं नाही ना, मग आत्तापासून काळजी कशाला' असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. वाट पाहणाऱ्या माणसाला अजून काही झालेलं नाही, असं नसतं.

कॅलिफोर्नियाच्या केट स्वीनी यांनी वकिलीच्या परीक्षेच्या निकालाची चार महिने वाट पाहणाऱ्या पदवीधरांचा पाठपुरावा केला. २०१६ साली त्यांनी मांडलं की मनाला आवरायच्या बहुतेक युक्त्या काळजी कमी करण्यात अपुऱ्या पडल्या. उलट, जे त्या काळात अस्वस्थ राहिले त्यांनी निकाल आल्यावर तो जास्त चांगल्या रीतीने पेलला. याच संशोधकांना पुढे आढळलं की ज्या कामात माणूस हरवून जातो, हातही गुंततात आणि डोकंही, त्या कामाने हा काळ थोडा सुसह्य होतो. मला याचा अनुभव मायक्रोटोमवर येत होता. रिबन उचलताना दुसरा विचार करताच येत नाही. घरी फोन आला असेल का, हा विचार पाण्यावरची रिबन सुखरूप स्लाइडवर आल्यानंतरच यायचा. काकने त्या दिवसांत मला फोनचं काम दिलं नाही, पाण्याजवळच बसवलं. तिने कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आईने स्वतःसाठी माझ्या मुलाचा शब्दकोशासारखा जाडजूड तिकिटांचा अल्बम शोधून काढला. देश, साल, किंमत यांप्रमाणे ती तिकिटं पुन्हा लावायला घेतली. नातू शाळेतून आला की दोघं जमिनीवर बसायची. टपालातल्या बाईला तिकिटं कशी लावायची हे कोणी शिकवावं लागत नाही.

नातेवाइकांचे फोन हा वेगळा ताप होता. बातमी फुटली तशी प्रत्येकाजवळ एकेक कथा निघाली. कोणाच्या मेहुण्याला हेच झालं होतं आणि तो तीन महिन्यांत गेला, कोणाच्या शेजारणीला डाग होता आणि काढ्याने गेला. मला त्या दिवसांत २०१८ सालच्या मार्चमधला इरफान खान आठवायचा. ५ मार्चला त्याने लोकांना सांगितलं की आपल्याला एक दुर्मीळ आजार असल्याचं दिसतंय, तपासण्या पूर्ण होऊन नक्की निदान झालं की आपण स्वतःच सांगू, तोवर तर्क करू नका. लोकांनी तर्क केलेच, काहींनी तर मेंदूच्या कर्करोगापर्यंत मजल मारली. १६ मार्चला त्याने नाव सांगितलं: न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर. इतक्या मोठ्या नटाला हे मागावं लागलं, तर मिरजेच्या निवृत्त पोस्ट कर्मचारी बाईंना कोण सोडणार? शेवटी आईनेच कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलं की रिपोर्ट आला की मी स्वतः कळवीन, तोपर्यंत या विषयावर फोन नकोत, बाकी गप्पांसाठी जरूर करा. आश्चर्य म्हणजे लोकांनी ऐकलं. फोन येत राहिले, पावसाबद्दल, द्राक्षांच्या भावाबद्दल, कोणाच्या तरी बारशाबद्दल. त्यांनी आईला बरं वाटायचं.

रिपोर्ट फुफ्फुसाच्या कर्करोगाचा आला. ॲडेनोकार्सिनोमा. डॉक्टरीणबाईंनी सावकाश सांगितलं, मी काही न गाळता मराठीत सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि विचारलं की पुढचा टप्पा कोणता. तो जनुकांचा रिपोर्ट होता, म्हणजे पुन्हा वाट पाहणं, आणि ते पहिल्यापेक्षा लांब. हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते: बायॉप्सीचा रिपोर्ट हा बहुधा शेवट नसतो, पहिला थांबा असतो. पण आईचं हे दुसरं वाट पाहणं वेगळं होतं. पहिल्या वेळी प्रश्न होता काय आहे, दुसऱ्या वेळी होता काय करता येईल. तिच्यात फरक पडलेला मला दिसत होता. ती पुन्हा सिंगपोस्टपर्यंत चालत जाऊ लागली. ईजीएफआरचा बिघाड सापडला आणि गोळी सुरू झाली. आता ती मिरजेला आहे, भावाकडून औषध वेळेवर येतं, दर तीन महिन्यांनी स्कॅन होतो. स्कॅन आणि रिपोर्ट यांच्या मधल्या दिवसांत तिचा फोन ठरलेल्या वेळी येतो आणि पहिला प्रश्न तोच असतो, आज कुठे पोचलं असेल.

वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी हे दिवस चालू असतील किंवा येतील, त्यांना माझ्या कामातून सुचणाऱ्या काही गोष्टी सांगते. बायॉप्सीच्या आधीच, टेबलावर जाण्यापूर्वी, डॉक्टरांना विचारा की क्षयाची शंका आहे का. असेल तर एक तुकडा फॉर्मालिनऐवजी सलाइनमध्ये वेगळा पाठवायला सांगा. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात आणि मग ते वाढवून पाहता येत नाहीत. हा एक प्रश्न विचारायचा राहिल्यामुळे दुसऱ्यांदा सुई खावी लागलेल्या रुग्णांचे फॉर्म मी पाहिले आहेत. पहिला रिपोर्ट साधारण कधी, जनुकांचा कधी, आणि निरोप कोण देणार, फोनवर की समोर, हे त्याच दिवशी लिहून घ्या. ठरलेला दिवस उलटला तर स्वतः फोन करा, त्यात संकोच नको. रिपोर्टमध्ये 'कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत' एवढंच असेल तर गाठीचं दुसरं काही कारण सापडलं का, हेही विचारा. सुई गाठीच्या बाजूला गेली असेल तरी तेच वाक्य छापून येतं.

आणि परदेशात बायॉप्सी करून गावी परतणार असाल, किंवा सांगलीहून मुंबईला जाणार असाल, तर नुसता रिपोर्ट घेऊन निघू नका. प्रयोगशाळेकडे लेखी अर्ज करून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागा. मेणातला तुकडा साध्या खोलीत वर्षानुवर्षं टिकतो, त्यावर पुढच्या तपासण्या करता येतात, आणि अर्ज करून त्याची मागणी करण्याचा रुग्णाला हक्क आहे.